हार्डिन रनेल्सचं चरित्र: मळा आणि विधिमंडळ वेगळे काढू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही डॅलसजवळ राहता, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी टेक्ससच्या इतिहासातल्या एखाद्या विस्मृतीत गेलेल्या माणसावर लेख लिहायचा आहे आणि तुम्ही हार्डिन रिचर्ड रनेल्स निवडला आहे. जिथे पाहाल तिथे त्याच सहा-सात ओळी मिळतात: १८२० मध्ये मिसिसिपीत जन्म, १८४२ मध्ये टेक्ससला स्थलांतर, कापसाचा मोठा मळा, मग आमदार, सभापती, लेफ्टनंट गव्हर्नर, गव्हर्नर. लग्न झालं नाही. १८७३ च्या नाताळच्या दिवशी मृत्यू. तुम्ही विचारता की लेखाचे ‘मळेवाला’ आणि ‘राजकारणी’ असे दोन भाग पाडावेत का, आणि ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे लक्षात घेता गुलामगिरीबद्दल किती लिहावं.

मी टेक्ससच्या जुन्या सरकारी कागदांवर काम करते. खानेसुमारीचे तक्ते, कर-याद्या, खरेदीखतं, विधिमंडळाची इतिवृत्तं हे माझं रोजचं वाचन. त्या अनुभवावरून सांगते, दोन भाग पाडू नका. तसे पाडले की पहिला भाग कष्टाळू वसाहतकऱ्याची गोष्ट होतो, दुसरा भाग निवडणुकांची जंत्री होतो आणि दोन्हींना जोडणारी माणसं मधल्या फटीत नाहीशी होतात. गुलामगिरी हा या चरित्रातला एक मुद्दा नाही. ती काढली तर ना मळा उरतो, ना राजकारण.

किती खोलात जाता येईल हे मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी बसून लिहिणार असाल तर १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीचे तक्ते आणि विधिमंडळाची छापील इतिवृत्तं संगणकावर बघता येतात. त्याचा मळा जिथे होता त्या बोवी काउंटीपर्यंत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) जायची तयारी असेल तर आधी फोन करून कोणती दफ्तरं शिल्लक आहेत ते विचारा. टेक्ससमधल्या कितीतरी काउंट्यांची कोर्टाची इमारत कधी ना कधी जळलेली आहे, आणि काही वेळा मिळणारं खरेदीखत हे नंतर पुन्हा नोंदवलेलं असतं.

आता १८४२. इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लेख इथूनच घाईने पुढे जातात. टेक्सस तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हतं, वेगळं प्रजासत्ताक होतं. त्याच वर्षी मेक्सिकोच्या फौजा दोनदा सॅन अँटोनियोत घुसल्या होत्या. मग सुस्थितीतलं मळेवाल्याचं कुटुंब अशा ठिकाणी का आलं? उत्तर मिसिसिपीत शोधावं लागतं. १८३७ च्या आर्थिक कोसळणीनंतर तिथली कापसाची आणि कर्जाची सगळी घडी मोडली होती. हार्डिनचे काका हायरम रनेल्स मिसिसिपीचे गव्हर्नर राहिले होते आणि पुढे तिथल्या युनियन बँकेचे अध्यक्ष झाले. या बँकेसाठी राज्याने काढलेले ५० लाख डॉलरचे रोखे १८४२ मध्ये राज्यानेच नाकारले. त्या वर्षांत दक्षिणेतली कितीतरी कुटुंबं, काही धनकोंना चुकवून, टेक्ससला निघाली. दुसऱ्या देशात कर्जवसुली सोपी नव्हती, आणि जमीन स्वस्त होती. रनेल्स कुटुंब कर्ज चुकवायला आलं असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही कागद हाती असल्याशिवाय लिहू नका. पण हा काळ आणि ही लाट सांगितल्याशिवाय १८४२ या आकड्याला अर्थ येत नाही.

वडील १८३९ मध्ये वारले होते. आई, भाऊ आणि काका यांच्यासोबत हार्डिन निघाला, आधी ब्राझोस नदीच्या खोऱ्यात आणि नंतर ईशान्य टोकाला, रेड नदीकाठी बोवी काउंटीत स्थिरावला. ‘कुटुंबासह आला’ हे वाक्य सगळीकडे आहे. त्यात एक मोठा समूह गाळलेला असतो. मळेवाल्यांची कुटुंबं अशी हलायची तेव्हा गुलाम केलेली माणसं सोबत आणली जायची. गाड्यांच्या मागे पायी चालत, लेकरं कडेवर घेऊन, आणि बरेचदा नवरा किंवा बायको शेजारच्या मळ्यावर दुसऱ्या मालकाच्या ताब्यात ठेवून. रानं साफ करणं, झाडं तोडणं, पहिली नांगरट हे सगळं त्यांनीच केलं. ‘त्याने मळा उभारला’ असं लिहाल तेव्हा कर्ता कोण हे एकदा स्वतःला विचारा.

कापूस विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही, त्याचा उपयोग करून घ्या. वसंतात पेरणी, उन्हाळाभर निंदणी, ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत वेचणी, मग सरकी काढून ४०० ते ५०० पौंडांच्या गासड्या बांधायच्या. फरक असा की इथे वेचणीला मजुरी नव्हती, काम सोडून जायची मुभा नव्हती आणि दिवसाची वेचणी कमी भरली तर चाबूक होता. १८५० मध्ये टेक्ससमध्ये गुलाम केलेली ५८,१६१ माणसं मोजली गेली, १८६० मध्ये १,८२,५६६, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के. कापूस त्याच दहा वर्षांत साधारण ५८,००० गासड्यांवरून ४,३१,००० गासड्यांवर गेला. रनेल्सची आमदारकी ते गव्हर्नरपद ही कारकीर्द जवळपास याच दशकात बसते. हे आकडे लेखाच्या तळटीपेत घालू नका, मुख्य मजकुरात घ्या.

तुमच्या मूळ प्रश्नाशी माझ्या मते सर्वांत जवळची गोष्ट पुढची आहे. मळेवाला आमदार होतो तरी कसा? १८४७ मध्ये, म्हणजे २७ व्या वर्षी, रनेल्स टेक्ससच्या विधिमंडळात गेला. रेड नदीपासून ऑस्टिन साडेतीनशे मैलांच्या आसपास, आगगाडी नाही, रस्ते चिखलाचे. अधिवेशन दोन वर्षांनी एकदा, पण हिवाळ्यात महिनोन्‌महिने चालणारं. स्वतःच्या हाताने शेत करणाऱ्याला घर सोडून एवढा काळ राहणं परवडत नाही. ज्याच्या शेतात त्याच्या माघारी मुकादम आणि गुलाम काम करतात, त्याला परवडतं. विधिमंडळात गुलाममालकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त का होतं याचं एक साधं कारण हे आहे: मोकळा वेळ. रनेल्सचा सभागृहातला प्रत्येक दिवस मळ्यातल्या कुणाच्या तरी दिवसाने विकत घेतलेला होता. इतिवृत्तातल्या तारखा आणि कापसाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. मी कोणत्याही मळेवाल्या आमदाराचं काम हाती घेतलं की आधी हेच करते.

आमदार असताना त्याने काय केलं हेही याच नजरेने वाचावं. १८५३ ते १८५५ तो सभापती होता. टेक्ससने १८५० मध्ये आपल्या दाव्यातली पश्चिमेकडची जमीन सोडली आणि केंद्राकडून एक कोटी डॉलर मिळवले होते. त्यातून २० लाखांचा शाळा निधी १८५४ मध्ये उभा राहिला, आणि त्याच अधिवेशनात रेल्वे कंपन्यांना बांधलेल्या प्रत्येक मैलामागे १६ सेक्शन जमीन देण्याचा कायदा झाला. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. दोन्ही कायद्यांचं कौतुक तुम्हाला जुन्या पुस्तकांत भरपूर सापडेल, आणि ते राज्यासाठी महत्त्वाचे होतेच. पण शाळा निधी गोऱ्या स्वतंत्र मुलांच्या संख्येवर वाटला जायचा, आणि बैलगाड्यांनी दिवसेंदिवस गासड्या ओढणाऱ्या मळेवाल्यांना रेल्वे हवीच होती. हा तपशील टीकेच्या सुरात सांगायची गरज नाही. सरळ सांगा, तो आपला आपण बोलतो.

१८५५ मध्ये तो लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि १८५७ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला गव्हर्नरपदासाठी उभं केलं. समोर सॅम ह्यूस्टन, सॅन जॅसिंटोच्या लढाईचा नायक, प्रजासत्ताकाचा माजी अध्यक्ष, विद्यमान सेनेटर. ह्यूस्टनने १८५४ मध्ये कॅन्सास-नेब्रास्का कायद्याविरुद्ध, म्हणजे त्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांवर सोडणाऱ्या कायद्याविरुद्ध, मत दिलं होतं, म्हणून टेक्ससमधले गुलामगिरीचे कट्टर समर्थक त्याच्यावर चिडलेले होते. ह्यूस्टन एका नांगर-विक्रेत्याच्या गाडीतून राज्यभर भाषणं देत फिरला. रनेल्स वक्ता नव्हता, त्याच्या बाजूने लुई विगफॉलसारखे तिखट बोलणारे लोक ह्यूस्टनच्या मागोमाग सभा घेत गेले. निकाल सुमारे ३२,५०० विरुद्ध २८,७०० असा रनेल्सच्या बाजूने लागला. ह्यूस्टनला टेक्ससच्या निवडणुकीत हरवणारा एकमेव माणूस, हीच त्याची आजची ओळख. तुमचा लेख याच प्रसंगाने सुरू करायचा मोह होईल. मी तसं करणार नाही, कारण मग सगळा लेख ह्यूस्टनचा होतो. आणि मतं मोजताना हेही लिहा की मतदार फक्त गोरे प्रौढ पुरुष होते.

गव्हर्नर म्हणून त्याची दोन वर्षं सविस्तर लिहा. मळा आणि सत्ता एकमेकांत किती मिसळले होते ते इथे उघड दिसतं. १८५८ च्या जानेवारीत टेक्ससने एक कायदा केला: स्वतंत्र काळ्या माणसाला स्वतःहून मालक निवडून गुलाम होण्याची परवानगी. त्या कायद्यामागे काय होतं ते समजायला टेक्सस प्रजासत्ताकाची १८३६ ची घटना आठवावी लागते. स्वतंत्र काळ्या माणसाने काँग्रेसच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाच्या, परवानगीशिवाय तिथे राहायचंच नाही, असं त्या घटनेत होतं. राहायला जागा नाही, आणि उघडा एकच दरवाजा गुलामगिरीचा. त्याच अधिवेशनात कॅन्सासच्या वादावरून विधिमंडळाने ठराव केला, दक्षिणी राज्यांची परिषद भरली तर प्रतिनिधी पाठवण्याची व्यवस्था गव्हर्नरने करावी. संघराज्यातून फुटण्याची भाषा १८६१ च्या तीन वर्षं आधीच ऑस्टिनमध्ये सरकारी कागदावर आली होती.

याहून टोकाची गोष्ट म्हणजे आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार पुन्हा सुरू करावा ही मागणी. हा व्यापार अमेरिकेत १८०८ पासून बंद होता, आणि १८२० च्या कायद्याने तो चाचेगिरी ठरवून त्याला देहांताची शिक्षा ठेवली होती. रनेल्स या मागणीच्या बाजूचा होता. कारण समजून घ्या. १८५० च्या दशकात शेतावर काम करणाऱ्या जवान माणसाचा भाव १,००० डॉलरच्या वर गेला होता. छोट्या शेतकऱ्याला तो परवडत नव्हता. गुलाममालकांची संख्या कमी राहिली तर गुलामगिरीसाठी लढायला तयार असलेल्यांची संख्याही कमी राहील, ही समर्थकांची भीती होती. माणसं स्वस्त करा म्हणजे पाठिंबा वाढेल, असा तो हिशेब. हे वाचताना मला आजही अंगावर शहारे येतात, कारण तो हिशेब शांत डोक्याने मांडलेला आहे.

सरहद्दीचा प्रश्न तुमच्या लेखात थोडक्यात पुरे. कोमांची टोळ्यांशी संघर्ष वाढला होता. रनेल्सने जॉन फोर्डच्या हाताखाली रेंजर्सची, म्हणजे टेक्ससच्या सरहद्दीवरच्या सशस्त्र दलाची, तुकडी वाढवली, आणि १२ मे १८५८ ला त्या तुकडीने आजच्या ओक्लाहोमात, लिटल रोब ओढ्याकाठच्या कोमांची वस्तीवर हल्ला केला. पण हल्ले थांबले नाहीत, आणि १८५९ च्या निवडणुकीत लोकांनी हा राग त्याच्यावर काढला. ह्यूस्टन पुन्हा उभा राहिला आणि सुमारे ३६,००० विरुद्ध २७,५०० मतांनी जिंकला. सरहद्द हे एक कारण. गुलामांचा व्यापार आणि फुटण्याची भाषा अनेक मतदारांना फार पुढची वाटली, हे दुसरं. मी दुसऱ्याला जास्त वजन देते, पण अभ्यासक यावर भांडतात आणि तुम्ही दोन्ही नोंदवावीत.

आता तुमचं ‘त्या काळी सगळेच तसे होते’. वरचा निकाल त्याचं पहिलं उत्तर आहे. ह्यूस्टन स्वतः गुलाममालक होता, तरी तो रनेल्सबरोबर गेला नाही, आणि मतदारांनी दोन वर्षांत बाजू बदलली. १८५४ मध्ये सॅन अँटोनियोत जमलेल्या जर्मन स्थलांतरितांनी गुलामगिरीला उघड वाईट म्हटलं होतं. दक्षिणेला मेक्सिको होता, तिथे गुलामगिरी संपलेली होती, आणि टेक्ससमधून हजारो माणसं जीव धोक्यात घालून ती सरहद्द ओलांडत होती. त्या काळच्या मापाने मोजायचं तर गुलाम केलेल्यांचं मापही त्याच काळातलं आहे. रनेल्स आपल्या काळाच्या सरासरीतला माणूस नव्हता. तो त्या काळातल्या एका टोकाला, समजून-उमजून, उभा होता.

इथवर आपण काय केलं ते एकदा पाहू. स्थलांतर मिसिसिपीतल्या कोसळणीशी जोडलं, आमदारकी मळ्याने दिलेल्या मोकळ्या वेळेशी जोडली, गव्हर्नरपद गुलामांच्या भावाशी जोडलं. पुढचा भाग याच धाग्यावर सोपा जातो. १८६१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऑस्टिनला फुटण्यासाठी परिषद भरली, रनेल्स तिथे प्रतिनिधी होता. १६६ विरुद्ध ८ असा ठराव झाला, आणि कारणांचं जे जाहीर पत्रक निघालं त्यात गुलामगिरी हेच कारण लपवाछपवी न करता दिलं आहे. राज्यांच्या हक्कांसाठी लढा होता असं कुणी म्हणालं तर त्यांना हे पत्रक वाचायला द्या. ह्यूस्टनने फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या सत्तेची शपथ नाकारली आणि मार्चमध्ये त्याचं पद गेलं.

दिवाळी अंकाच्या वाचकासाठी इथे एक खरा दुवा आहे. या फुटीतून १८६१ मध्ये पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लिव्हरपूलला अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव चढले. मुंबईत त्या पैशावर शेअरांचं जे वेड पसरलं ते १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळलं. रेड नदीकाठचा मळा आणि खामगावचा बाजार तेव्हा एकाच भावाला बांधलेले होते. एक परिच्छेद पुरे, त्याहून ताणू नका.

१९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनमध्ये जनरल ग्रेंजरने मुक्तीचा हुकूम काढला. टेक्ससमध्ये तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती. पुढच्याच वर्षी राज्याची नवी घटना लिहायला परिषद भरली आणि रनेल्स पुन्हा तिथे प्रतिनिधी! त्या घटनेने मुक्त झालेल्यांना मताचा हक्क दिला नाही, आणि कोर्टात साक्ष देण्याचा हक्क फक्त काळ्या माणसांशी संबंधित खटल्यांपुरता ठेवला. मळा हातातून निसटत असताना तो काय वाचवायला बघत होता ते इथे दिसतं. सात वर्षांनी तो वारला.

त्याच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट तुम्हाला मिळालीच असेल: वाग्दत्त वधूसाठी ग्रीक धाटणीचा वाडा बांधला, तिने नकार दिला, तो आयुष्यभर एकटा राहिला. एका वाक्यात सांगा. वाचकाची सगळी हळहळ त्या रिकाम्या वाड्यात खर्च झाली तर बाकीच्यांसाठी काही उरत नाही.

एक सापळा सांगून ठेवते. टेक्ससमध्ये रनेल्स काउंटी आहे, ती १८५८ मध्ये, हार्डिन गव्हर्नर असताना स्थापन झाली, पण नाव काका हायरमचं आहे. हायरमही टेक्ससला येऊन मळेवाला आणि मग राज्याचा सेनेटर झाला होता, त्यामुळे दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली सापडते. प्रत्येक तारखेला कोण ते तपासा.

शेवटी नावांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातलं ‘किती लिहावं’ मला इथे सगळ्यात टोचलं. १८५० आणि १८६० चे गुलामांचे तक्ते उघडा. मालकाचं नाव, मग वय, लिंग, रंग. माणसांची नावं नाहीत. १८६० मध्ये राहायच्या खोपट्यांची संख्याही आहे, ती पाहा. एकेका खोपट्यात किती जण झोपत होते याचा अंदाज येतो. नावं हवी असतील तर वाट वेगळी. वडिलांच्या मृत्यूनंतर मिसिसिपीत मालमत्तेची यादी झाली असेल, तशा याद्यांत गुलामांची पहिली नावं आणि प्रत्येकाची किंमत असते. गहाणखतांतही असतात, कारण माणसं तारण ठेवली जायची. मुक्तीनंतर फ्रीडमेन्स ब्यूरोने, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठी केंद्राने काढलेल्या खात्याने, मजुरीची करारपत्रं नोंदवली. आणि १८७० ची खानेसुमारी ही पहिली, जिने या सगळ्यांना नाव-आडनावाने लिहिलं, जन्मस्थळासह. बोवी काउंटीत १८७० मध्ये तीस-चाळिशीच्या पुढचं, मिसिसिपीत जन्मलेलं एखादं काळं माणूस दिसलं तर ते अशाच एखाद्या मळेवाल्याबरोबर इकडे आणलं गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ते रनेल्सच्याच मळ्यावर होतं हे करारपत्राने किंवा यादीने जुळलं तरच म्हणा. जुळलं, तर ते नाव लेखाच्या टोकाला श्रद्धांजली म्हणून ठेवू नका. १८४२ च्या परिच्छेदात घाला, जिथे हार्डिन, त्याची आई आणि भाऊ टेक्ससला निघाले असं तुम्ही लिहिलं आहे, त्याच वाक्यात.